बेळगाव कँपातलं रिबन-मेडलवालं दुकान, काम चोख आहे
नायब सुभेदारीच्या प्रमोशनची ऑर्डर आली म्हणून खांद्याचे स्टार, लाल-पिवळी फीत, छातीवरची मेडलची रिबन सगळंच नवीन करायचं होतं, मराठा सेंटरवाल्या (मराठा लाइट इन्फंट्रीचं इथलं ट्रेनिंग सेंटर) बऱ्याच जणांनी हेच दुकान सांगितलं. युनिटचा टेलर पण करून देतो हो, पण त्याची रिबन महिन्याभरात कडेनं सुटायला लागते. इथं पट्टी एकदम सरळ, कडा घट्ट आणि मागची पिन पण मजबूत बसवतात.

मुख्य म्हणजे दुकानातल्या टेलर मास्टरला मेडलचा क्रम तोंडपाठ आहे. सैन्य सेवा मेडल वर, मग 2022 मधलं स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचं, त्याच्या खाली 20 वर्षांच्या नोकरीचं आणि शेवटी 9 वर्षांचं, कागद बघायची गरजच नाही त्याला.

आणि नंबर बनवणारे, म्हणजे साबलोकांपुढं छाप पाडायला धडपडणारे, बघायचे असतील तर इन्स्पेक्शनच्या आदल्या संध्याकाळी जा, फुल करमणूक. माझ्यापुढं एक लान्सनायक उभा होता, त्याला सियाचीनची रिबन लावून पाहिजे होती, उद्या जनरलसाब येणार म्हणून छाती भरलेली दिसायला पाहिजे ना. मास्टरनं मान वर न करताच विचारलं, "पार्ट टू निघाली का?" (म्हणजे मेडल मिळाल्याची रेकॉर्डवरची ऑर्डर.) तो म्हणतो, "नाव गेलंय मास्टर, निघेलच." "मग निघाल्यावर ये." संपला विषय. गिऱ्हाईक तोडलं पण नसलेलं मेडल लावलं नाही, रिव्ह्यूचे माझे पाच स्टार तर तिथंच फिक्स झाले. काही जण म्हणे प्रमोशन बोर्डाच्या आधीच खांद्याचे स्टार घेऊन पेटीत ठेवतात, एसीआर (वर्षाचा गोपनीय अहवाल) लिहायच्या दिवसांत साबच्या मागंपुढं करायचं, सीओसाबनी सगळ्या पलटणीशी बोलायच्या दरबारात उगाच हात वर करून प्रश्न विचारायचे, हे सगळं तर चालूच असतं, कुठल्या पलटणीत नाही सांगा.

तक्रार एकच, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या तोंडावर गेलात तर दिलेली तारीख पाळत नाहीत, मेडल माउंटिंगला, म्हणजे मेडल पट्टीवर ओळीनं बसवायला, तर फार वेळ लावतात. सेरेमोनियल ड्रेसचं काम असेल तर आधीच देऊन ठेवा, जुना सेट बरोबर न्या म्हणजे माप लगेच मिळतं. ऑनलाइन पेमेंट चालतं. पितळ चमकवायचा ब्रासो मात्र इथनं घेऊ नका, कँटीनमध्ये स्वस्त पडतो.