आठ शनिवार, एक विषय: विद्यार्थ्यांच्या जागतिक संवाद-सत्राबद्दल

विभागाच्या फळ्यावर या संवाद-सत्राच्या पुढच्या तुकडीच्या अर्जाची सूचना लागली आहे आणि तेव्हापासून चार ज्युनिअर मुलींनी मला एकच प्रश्न विचारला: ताई, करू का? म्हणून सगळं एकदाच लिहिते. करा. पण काही गोष्टी आधी माहीत असू द्या.

मी नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करते, राहते मानेवाड्याला. माझी तुकडी २० सप्टेंबर ते ८ नोव्हेंबर २०२५ अशी होती. आठ शनिवार, आपल्या घड्याळानं संध्याकाळी साडेसात ते नऊ, व्हिडिओ कॉलवर. फी नाही. प्राध्यापक नसतात, सगळं विद्यार्थीच चालवतात. अर्जात विषय निवडायचा असतो, मी 'नद्यांचं पाणी' निवडला. गटात चौघं: मी, बांगलादेशातल्या राजशाही शहराची एक मुलगी, इजिप्तमधल्या कैरोचा एक मुलगा आणि इथिओपियातल्या अदिस अबाबाची एक मुलगी. शिवाय गट चालवणारे दोघं, तेही आधीच्या तुकडीत शिकून तयार झालेले.

पहिल्या शनिवारी मी दोन पानं लिहून बसले होते. भारताची भूमिका, शेजाऱ्यांशी संबंध, बांगलादेशाशी झालेला गंगेच्या पाण्याचा करार, सगळं त्यात होतं. तिसऱ्या वाक्याला गट चालवणाऱ्या मुलानं थांबवलं. म्हणाला, "तुझ्या सरकारचं म्हणणं आम्हाला कुठंही वाचायला मिळेल. तुझ्या घरी पाणी कुठून येतं, ते सांग."

मला राग आला होता. तरी सांगायला लागले. जुलै २०१९, मी दहावीत होते. पावसाचा पत्ता नाही, तोतलाडोहाचं धरण तळाला गेलेलं, आणि महापालिकेनं शहराला एक दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली. नागपूरचं बरंचसं पाणी पेंचचं. ती नदी मध्य प्रदेशातून, छिंदवाड्याकडून येते. तिकडं वरच्या अंगाला चौराईचं धरण झालं आणि खाली तोतलाडोहात येणारं पाणी घटलं. आई पहाटे उठवायची, "नळ आला वं, ड्रम लाव पटकन." बाबा पेपर उघडून रोज म्हणायचे, चौराईवाल्यांनी आपलं पाणी अडवलं.

माझं झाल्यावर राजशाहीची मुलगी म्हणाली, "आमच्या घरी हेच वाक्य आहे. फक्त चौराईच्या जागी फरक्का."

फरक्का म्हणजे गंगेवरचा आपल्याकडचा बंधारा, १९७५ साली सुरू झाला. आपण परीक्षेत त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहितो. तिच्या घरापासून पद्मा (तिकडं गंगेला हेच म्हणतात) पायी जाण्याइतकी जवळ, आणि उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूवर मुलं क्रिकेट खेळतात. पुस्तकातला माझा देश तिच्या वरच्या अंगाला, आणि मानेवाड्यातली मी चौराईच्या खालच्या अंगाला. या दोन गोष्टी मी त्याआधी कधीच शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. फक्त एवढ्यासाठीही मी हे सत्र पुन्हा करीन.

भाषेची काळजी अनेकींनी बोलून दाखवली. बोलणं इंग्रजीत चालतं, पण सुरुवातीची दोन मिनिटं प्रत्येकानं आपल्या भाषेत बोलायचं असा नियम आमच्या गटानं करून घेतला. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हा नियम जरूर मागून घ्यावा, धीर येतो. राजशाहीची मुलगी बांगलात 'पानि' आणि 'नोदी' म्हणाली तेव्हा मला भाषांतर लागलंच नाही. कैरोचा मुलगा पाण्याला 'मैय्या' म्हणायचा, अदिसची मुलगी 'वुहा'. निळ्या नाईलला ती कधी नाईल म्हणालीच नाही, नेहमी 'अबाय'.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा शनिवार ४ ऑक्टोबरचा. दोनच दिवस आधी दसरा झाला होता आणि मी दीक्षाभूमीवर पाणी वाटपाच्या रांगेत दिवसभर उभी होते. ते सांगत असताना अदिसच्या मुलीनं विचारलं, "देशांचं वरचं-खालचं कळलं. तुमच्या गावात वरच्या अंगाला कोण असतं?" तिला आपल्याकडची जात ठाऊक नव्हती, तिनं नदीच्या हिशेबानंच विचारलं होतं. मी आजीचं सांगितलं. आजी भंडारा जिल्ह्यातली. लहानपणी तिला विहिरीवर हात लावू देत नसत. "वरतून ओंजळीत पाणी टाकत, अन् ओंजळ भरायच्या आतच थांबत," असं ती सांगायची. मग २० मार्च १९२७ चं महाड सांगितलं, चवदार तळं सांगितलं, बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं ते सांगितलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात काय घडलं तेही. कोणी मध्ये बोललं नाही. 'बिचारी' असा सूरही कोणी लावला नाही. कैरोच्या मुलानं फक्त विचारलं, आजी आता कुठं आहे? मी म्हटलं, पलीकडच्या खोलीत, मालिका पाहते आहे. त्या दिवशी दीड तास कसा गेला कळलंच नाही.

आता जे खटकलं ते. 'देश नको, घर सांगा' हा नियम दार उघडायला उत्तम आहे, पण आठही आठवडे तेवढ्यावर चालत नाही. आमच्या गटात कैरो आणि अदिस समोरासमोर होते. इथिओपियानं २०११ साली निळ्या नाईलवर बांधायला घेतलेल्या धरणाचं उद्घाटन आमचं सत्र सुरू होण्याच्या अकरा दिवस आधी, ९ सप्टेंबरला झालेलं. मुलगी सांगत होती की तिच्या आजोळी अजून वीज नाही. मुलगा सांगत होता की त्याच्या घरच्यांची शेती नाईलखेरीज उभीच राहू शकत नाही. दोन्ही घरं खरी. मग पुढं काय? तिथून पुढं जायला कागद लागतो. १९५९ च्या करारात इजिप्तला ५५.५ आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर पाणी वाटून दिलं, आणि ज्या डोंगरांतून त्यातलं बहुतेक पाणी येतं तो इथिओपिया करारात नव्हताच. हे बोलण्यात आलं पाचव्या आठवड्यात, तेही अदिसच्या मुलीनं स्वतः शोधून आणलं म्हणून. चालवणाऱ्यांकडून एक पान वाचायला मिळालं नाही. मी अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे: पहिले दोन आठवडे घर, तिसऱ्यापासून करार समोर हवेत.

वेळापत्रकाकडंही नीट लक्ष दिलं जात नाही. १८ ऑक्टोबरला धनत्रयोदशी होती, आठवण करून देऊनही सत्र हललं नाही. मी दिवा लावून तशीच बसले. त्याहून वाईट म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी इजिप्तची घड्याळं एक तास मागं जातात, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. १ नोव्हेंबरला कैरोचा मुलगा नेहमीसारखा त्याच्या पाच वाजता आला, तेव्हा आपल्याकडं साडेआठ झाले होते. करारांवर बोलायचं ते एकच सत्र, त्यात त्याला अर्धा तास मिळाला. तो चिडला नाही, पण मला फार वाईट वाटलं. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वेळा एकत्र लिहून घ्या.

अभ्यासिकेत बसून हे जमणार नाही, बोलावं लागतं. घरी वायफाय नसेल तरी चालेल, माझं सगळं मोबाइल डेटावर झालं. प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी जाऊ नका. दोनपेक्षा जास्त शनिवार चुकणार असतील तर अर्ज भरू नका. चौघांच्या गटात एक जागा रिकामी राहिली की फार जाणवते.

गंगेचा करार १२ डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांचा. म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये त्याची मुदत संपते. त्यात १ जानेवारी ते ३१ मे या काळाचे दहा-दहा दिवसांचे हिशेब आहेत. फरक्क्याला प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही देशांना निम्मं-निम्मं. राजशाहीची मुलगी आणि मी १ जानेवारीपासून तसाच दहा दिवसांचा पाळा धरला आहे. मी तोतलाडोहात किती टक्के साठा उरला ते कळवते, ती पद्मेच्या घाटावरून एक फोटो पाठवते. परवाच्या फोटोत वाळू बरीच वर आलेली दिसत होती.