चारपैकी तीन हिटर प्लग बदलले: १.३ डिझेलचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

हिटर प्लग (ग्लो प्लग) म्हणजे थंड डिझेल इंजिनात सिलिंडरच्या आत तापणारी विजेची छोटी कांडी, गॅरेजात नुसतं 'हिटर'. गाडी २०११ ची. इंजिन १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं डिझेल. मीटरवर काम करताना १,७२,००० किमी. हेच इंजिन स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, व्हिस्टा क्वाड्राजेट, पुंटो, लिनिया अशा बऱ्याच गाड्यांत बसलंय, म्हणून खालचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. काम ऑक्टोबरात झालं, आता जून. मधे एक हिवाळा, एक उन्हाळा आणि वळीव.

"कोल्हापुरात थंडी पडते कुठं? हिटर कशाला बदलायचे?" हे गॅरेजात हमखास ऐकायला मिळतं, आणि ते निम्मं खरं आहे. डिझेल थेट पिस्टनवरच्या वाटीत फवारणारं इंजिन आपल्या जानेवारीतल्या १४-१५ अंशांत हिटरशिवायही चालू होतं. म्हणून तर दोन प्लग मेलेल्या गाड्या बिनबोभाट फिरत असतात. फरक पडतो तो चालू झाल्यावरच्या पहिल्या मिनिटात. ज्या सिलिंडरचा प्लग मेला तिथलं डिझेल नीट पेटत नाही, कच्चंच पांढऱ्या धुरातून बाहेर पडतं, डोळे चुरचुरतात आणि इंजिन हलतं. प्लग फक्त सेल्फ मारण्यापुरते तापत नाहीत, इंजिन थंड असेल तर चालू झाल्यावरही काही वेळ तापत राहतात. मेलेला प्लग हे दुसरं काम करत नाही. पन्हाळ्यावर किंवा गगनबावड्याला गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहत असेल तर सकाळी हे लगेच कळतं.

प्लग मागवण्याआधी तपासणी. स्कॅनरवर (गाडीच्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०६७१ ते पी०६७४ यांपैकी कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. पण कोड नाही म्हणजे प्लग चांगले, असं जुन्या गाडीत धरू नका. प्लगवरचं कनेक्शन काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला. मेटल रॉडचा (सिरॅमिक नव्हे) चांगला प्लग थंड असताना १ ओहमच्या आसपास दाखवतो. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून वायरींचा स्वतःचा रोध पाहा आणि तो वजा करा, नाहीतर ०.३ चा घोळ होतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग मेला. या गाडीत ऑक्टोबरात दोन आणि तीन नंबर मेलेले होते, एक नंबर १.६, चार नंबर ०.९.

इथं एक फसगत नेहमी होते. भर दुपारी किल्ली फिरवून प्लगच्या वायरीवर व्होल्टेज बघतात, येत नाही, आणि चांगला रिले (हिटरला करंट जोडणारा स्विच) बदलून टाकतात. कूलंट गरम असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हिटरला करंट सोडतच नाही. ही तपासणी पहाटे, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर करा किंवा स्कॅनरमधून रिले चालवून बघा. आणखी एक: प्लग बाहेर काढून थेट बॅटरीवर लावून तांबडा होतो का बघायची पद्धत जुनी आहे. पण प्लगवर छापलेला व्होल्टेज आधी वाचा. चार-पाच व्होल्टच्या प्लगला १२ दिले तर तो तिथंच जळतो.

आता जागेचं. या इंजिनात प्लग मागच्या बाजूला, फायरवॉलकडे, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेत. दिसतात कमी, हाताला लागतात त्याहून कमी. वरचं कव्हर, एअर फिल्टरचा पाइप आणि वाटेतल्या वायरींच्या क्लिपा काढल्यावर लांब सॉकेट, छोटं एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट यांवर काम होतं. सॉकेट नवा प्लग हातात घेऊन त्याच्यावरच बसवून पाहा, अंदाजानं आणू नका. मॅनिफोल्ड उतरवलं तर सगळं उघडं पडतं, पण गॅस्केट नवी लागते आणि दिवस जातो. आधी न उतरवता पाहा.

खरी भीती बसवण्याची नसते, काढण्याची असते. प्लग बारीक पोलादी नळी आहे, हेड ॲल्युमिनियमचं. दीड लाख किमीनंतर आट्यांत गंज आणि टोकाभोवती काजळी, दोन्ही मिळून त्याला धरून ठेवतात. जोर लावला की षटकोन हातात आणि खालचा भाग हेडमध्ये. नव्या प्लगचे आटे व्हर्निअरनं मोजा. बाहेरचा व्यास ८ मिमी असेल तर साधारण २० न्यूटन-मीटरला (पिळाचा जोर मोजायचं एकक) प्लग तुटतो, १० मिमी असेल तर ३५ ला. वीस म्हणजे किती? लांब रॅचेटवर मनगटाचा एक झटका. म्हणून टॉर्क रेंच (पिळाचा जोर मोजणारा पाना) सोडवतानाच लागतो. तो उलट्या दिशेनं मोजतो का, हे आधी बघून घ्या. बाजारातले बरेच स्वस्त क्लिकवाले रेंच फक्त आवळताना क्लिक होतात.

चार दिवस रोज संध्याकाळी, गाडी फिरवून आल्यावर, चारही प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारला. त्याआधी कॉम्प्रेसरची हवा मारून प्लगभोवतीचा चिखल उडवला, नाहीतर प्लग सुटल्यावर तोच सिलिंडरमध्ये जातो. पाचव्या दिवशी इंजिन पुरतं गरम करून काम. गरम का, तर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड ढिली होते. हातमोजे घाला. रेंचची मर्यादा तुटण्याच्या आकड्याच्या बरीच खाली लावून सोडवायचं, नाही हललं तर किंचित आवळायचं, परत सोडवायचं, परत स्प्रे, परत इंजिन गरम. कंटाळवाणं काम आहे, पण हाच कंटाळा पैसे वाचवतो.

एक नंबर सहज आला. दोन आणि तीन अर्धा फेरा फिरून अडले. आटे सुटले तरी टोकाची काजळी अडवते, आणि मेलेल्या प्लगचं टोक कधी फुगलेलं असतं. पकडीनं उपटायचं नाही, फिरवत फिरवतच बाहेर आणायचा. टोक आत तुटून पडलं तर सेल्फ अजिबात मारू नका. पिस्टन, व्हॉल्व्ह, दोन्हींची वाट लागेल.

चार नंबर हललाच नाही. दोन दिवस, तीनदा गरम करून, मर्यादेपर्यंत जाऊन क्लिक, बस्स. तो सोडून दिला. चारही एकदम बदला असं सगळे सांगतात आणि प्लग सहज निघत असतील तर ते बरोबरच आहे. पण जिवंत, ०.९ ओहमचा प्लग केवळ सेट पुरा करायला तोडणं हा शहाणपणा नाही. तुटलाच तर कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात चांगला टर्नर गाठून ड्रिल सरळ ठेवणारा गाईड बुश खरादून घेता येतो आणि हेड न उतरवता उरलेला तुकडा काढायचा प्रयत्न होतो. तो फसला तर हेड उतरवणं आलं, आणि त्या बिलात प्लगचे कितीतरी सेट येतात.

भोकं साफ केल्याशिवाय नवे प्लग बसवू नका, हे सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. त्या मापाचा रीमर (भोक आतून खरवडून साफ करणारं हत्यार) घ्या, खाचांत ग्रीस भरा, हातानं एकाच दिशेनं फिरवा. काजळी ग्रीसला चिकटून येते. पुसा, परत ग्रीस, परत फिरवा. मग इंजेक्टरची कनेक्शनं काढून दोन सेकंद सेल्फ मारला की उरलेला चुरा भोकांतून बाहेर उडतो. त्या वेळी तोंड बॉनेटखाली नको. बुडाच्या तिरक्या बैठकीवर काजळी राहिली तर कॉम्प्रेशन तिथून फुसफुसतं आणि नवा प्लग जळतो.

हात पोचत नाही तिथं आटे लावायला युक्ती साधी: डिझेलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या शेपटीवर घट्ट बसवा आणि त्यानंच फिरवा. आटा चुकीचा लागला तर पाइप घसरतो, हेड बिघडत नाही. शेवटी टॉर्क: ८ मिमीला १०, १० मिमीला साधारण १५ न्यूटन-मीटर. कॉपर ग्रीस लावायचंच तर आट्यांवर पुसटसं, टोकाला आणि बैठकीला नाही. काही कंपन्या कोरडंच बसवायला सांगतात, तेव्हा खोक्यावरचं आधी वाचा. सिरॅमिक प्लग फरशीवर पडला तर फेकून द्या, वरून चांगला दिसला तरी.

आठ महिन्यांचा हिशेब. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा सेल्फ चार-पाच सेकंदांवरून एकावर आला. पांढरा धूर आणि सुरुवातीची थरथर गेली. ॲव्हरेज आहे तेवढंच आहे, चढावरचा काळा धूरही तसाच, तो हिटरचा विषयच नव्हे, ईजीआर (जळलेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजेक्टरकडे बघावं लागेल. हिटर बदलून मायलेज वाढतं असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. गेल्या आठवड्यात मोजलेला रोध: नवे तिन्ही ०.८, जुना चार नंबर १.०.

तक्रार एकच, आणि ती प्लगची नाही. वायरींवरच्या टोप्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होऊन चिरतात. मार्चमध्ये दोन नंबरची टोपी सैल होऊन तोच जुना कोड परत आला. टर्मिनल साफ करून किंचित दाबून घट्ट केलं, काम झालं. पावसाळ्यात इथं लक्ष हवं. काचेखालच्या जाळीत झाडाचा पाला साचला की पाणी निचऱ्यातून न जाता थेट इंजिनच्या मागच्या बाजूला, याच टोप्यांवर ठिबकतं आणि पितळ हिरवं पडतं. पाला काढायला पाच मिनिटं लागतात. जुनी डिझेल घेणार असाल आणि गाडी २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात उभी होती अशी शंका असेल, तर किंमत ठरवण्याआधी या टोप्या आणि हिटरचा रिले उघडून बघा.

चार नंबरला अजून दर पंधरा दिवसांनी, गरम इंजिनावर, स्प्रे चालू आहे. पुढचा प्रयत्न ऑक्टोबरात, रेंच त्याच मर्यादेवर.