ड्रॅगला ऑटोमॅटिक न्यावी की मॅन्युअल? दोन्ही नेऊन झाल्यावरचं मत

इंदिरानगरच्या आमच्या ग्रुपमधली दोन पोरं सध्या टर्बो पेट्रोल घ्यायच्या विचारात आहेत आणि दोघांचा प्रश्न एकच, वर्षातून एक-दोनदा ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या पाव मैलाच्या शर्यतीला, न्यायची तर कुठली घेऊ. मी आधी मॅन्युअल हॅचबॅक पळवली, आता टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारी ऑटोमॅटिक) सेदान आहे, दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि साध्या रस्त्याच्या टायरवर, म्हणून माझं बोलणं तेवढ्यापुरतंच धरा. एएमटी आणि सीव्हीटी या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या जाती यात घेतच नाही.

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, पण खरा खेळ पहिल्या ६० फुटांचा. मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबला की गाडी स्टेजच्या, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या, सेन्सरच्या किरणात जिथे उभी तिथेच, इंचभर हलत नाही, हे मला फार आवडायचं. पण आरपीएम ३००० वर धरले तरी इंजिनवर लोड नसतो, टर्बो भरतच नाही, म्हणजे त्याचा हवेचा दाब तयार होत नाही. मग क्लच सोडला की एकतर टायर जागेवर फिरतात, कारण सुटताना वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात, नाहीतर आरपीएम पडून गाडी दबते. मधला पॉइंट सापडला की काय सुटते गाडी! मला तो चार रनमध्ये एकदा सापडायचा.

माझं मन फिरलं ते क्लचमुळे. अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर लोड मिळावा म्हणून हँडब्रेक ओढून हाफ क्लचवर थांबलो होतो आणि शेजारच्या लेनवाला काही केल्या स्टेजला येईना. तो येईपर्यंत केबिनमध्ये जळका वास. रन कसाबसा झाला, पण त्याच गाडीने नाशिकला यायचं होतं ना. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दर दहा फुटांना क्लच, संगमनेरच्या पुढे ट्रकला ओव्हरटेक करायला चौथ्यात पाय दिला तर आरपीएम वर आणि गाडी तिथेच. सोबत घरचे होते, घरी पोचेपर्यंत जीव टांगणीला. नंतर क्लच प्लेटचा खर्च झाला तो वेगळा, पण तो रस्ता मी विसरलो नाही.

ऑटोमॅटिकला डावा पाय ब्रेकवर, उजवा अॅक्सिलरेटरवर. कन्व्हर्टरमुळे उभ्या गाडीतच लोड मिळतो, टर्बो भरतो, शिवाय सुटताना टॉर्क जवळपास दुप्पट होऊन चाकांकडे जातो. ब्रेक सोडला की झालं, आणि दुसरा रन पहिल्यासारखाच जातो. क्लच सांभाळायचा नसल्याने लक्ष सुटायच्या लाइटवर राहतं. रनचा टाइम गाडी हलल्यावर सुरू होतो हे खरं, पण शेजारी कोणी असेल तर हिरव्याला उशिरा सुटलेला हरूही शकतो.

खोट आहेच. जास्त दाबलं तर गाडी ब्रेकवरही सरकते, किरण ओलांडते. चार-पाच सेकंदांच्या वर धरू नका, गिअरबॉक्सचं तेल तापतं. ड्राय ड्युअल क्लचवाल्या ऑटोमॅटिकला ही तारीफ लावू नका, तिथे आत क्लचच आहेत.

जुन्या मित्रांना हे पटणार नाही कदाचित, पण मी परत मॅन्युअल नेईन असं वाटत नाही. फक्त बऱ्याच नव्या गाड्यांत दोन्ही पेडल एकत्र दाबले की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ताकद कापतो, मग वरचं सगळं फुकट. टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या जागेत, सेल्समनला सांगून, तेवढं दोन सेकंद करून बघा आणि मगच बुकिंगचे पैसे भरा.