हाफ-लाइफ २ मधलं .३५७ मॅग्नम: अठरा गोळ्या, आणि त्यामागचं खरं रिव्हॉल्व्हर

नोव्हेंबर २०२४ मध्ये हाफ-लाइफ २ या शूटर गेमला वीस वर्षं झाली तेव्हा तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याचं मोठं अपडेट काढलं. पुढचे दोन्ही एपिसोड मूळ गेममध्येच आले, बनवणाऱ्यांची कॉमेंटरीही आली. त्या निमित्ताने मी हा गेम पुन्हा सुरुवातीपासून खेळलो. त्याच्या कथेवर आणि वस्तू उचलून फेकणाऱ्या ग्रॅव्हिटी गनवर आजवर भरपूर लिहून झालंय, म्हणून ते सोडतो. मला लिहायचंय त्यातल्या .३५७ मॅग्नमबद्दल. शूटर गेममध्ये रिव्हॉल्व्हर कसं असावं, याचा इतका चांगला नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

मी भोसरीत टूलरूमला आहे, डाय-फिटिंगचं काम करतो. खऱ्या रिव्हॉल्व्हरला कधी हात लावलेला नाही आणि लावायची हौसही नाही. पण दोन धातूचे भाग एकमेकांत नीट बसलेत की नाही हे बघण्यात रोजचा दिवस जातो, त्यामुळे या वस्तूकडे माझं लक्ष त्या बाजूने जातं.

गेममध्ये ते फक्त ‘.३५७ मॅग्नम’ म्हणून दिसतं, पण ते कोल्ट या अमेरिकन कंपनीचं पायथन आहे. १९९८ च्या पहिल्या हाफ-लाइफच्या कोडमध्ये तर पायथन हेच नाव आहे. त्या पहिल्या गेममध्ये एका गोळीचं डॅमेज, म्हणजे ती समोरच्याची किती हेल्थ कमी करते तो आकडा, ४० होतं आणि सिलिंडरमधल्या (गोळ्या भरायच्या फिरत्या भागातल्या) सहा सोडून आणखी ३६ गोळ्या बाळगता यायच्या. दुसऱ्या भागात व्हॉल्व्हने डॅमेज नेलं ७५ वर, आणि जादा गोळ्या आणल्या १२ वर. म्हणजे सगळं भरलेलं असताना अंगावर मोजून अठरा. या एका निर्णयाने हत्याराचा स्वभावच पालटला. नॉर्मल लेव्हलला साध्या पिस्तुलाची गोळी ५ डॅमेज करते आणि ती आपण पाण्यासारखी उडवतो. मॅग्नम हातात घेतलं की माणूस थांबतो. समोरचा इतका मोलाचा आहे का, हा विचार आधी येतो आणि मग बोट दाबलं जातं.

पांढऱ्या चिलखतातला, एका लाल डोळ्याचा कंबाइन एलिट हा शत्रूचा सैनिक घ्या. त्याची हेल्थ ७०. मॅग्नमची गोळी ७५. छातीत लागो की मांडीत, तो खाली. अंगावर उड्या मारत येणाऱ्या फास्ट झोंबीचंही तेच. आकडे असे जुळवलेत की बंदुकीच्या ताकदीवर शंका घ्यायची वेळच येत नाही. पण ही गोळी चुकली तर चुकली. दोन गोळ्यांमध्ये पाऊण सेकंद थांबावं लागतं, आणि त्या पाऊण सेकंदात समोरच्याची ऑटोमॅटिक चालूच असते.

झटका तर बघण्यासारखा आहे. गोळी सुटली की दृश्य वर फेकलं जातं आणि खाली येतं, हे सगळ्याच गेममध्ये असतं. इथे खाली येताना नेम पहिल्या जागी बसत नाही, एखाद्या अंशाने कुठेतरी सरकलेला असतो. व्हॉल्व्हने एसडीकेमध्ये, म्हणजे गेममध्ये बदल करू पाहणाऱ्यांसाठी दिलेल्या संचात, हा कोड खुला केलाय. त्यात प्रत्येक गोळीमागे खेळाडूची नजर मुद्दाम थोडी हलवली आहे. त्यामुळे दुसरी गोळी मारायची तर नेम नव्याने धरावा लागतो. कोणीतरी बसून केलेलं हे काम आहे आणि ते हाताला कळतं.

आता खरी गोष्ट. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ चं, स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या अमेरिकन शस्त्र कंपन्यांनी मिळून काढलेलं. त्या काळात अमेरिकेतले गुंड मोटारीतून पळायचे, काहींच्या अंगात गोळीरोधक जाकीट असायचं, आणि पोलिसांची .३८ स्पेशल गोळी मोटारीच्या पत्र्यापुढे कमी पडायची. उपाय म्हणून .३८ स्पेशलचीच पुंगळी साधारण एक अष्टमांश इंच लांब केली आणि दारूचा दाब खूप वाढवला. लांबी वाढवण्याचं मुख्य कारण मला फार आवडतं: हे नवं काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. चुकून बसलं असतं तर सिलिंडर फुटला असता. चुकीचा भाग चुकीच्या जागी जाऊच नये अशी मापातच सोय करून ठेवणं, याला मी पक्कं इंजिनिअरिंग म्हणतो. लांब नळीतून ती १५८ ग्रेनची, म्हणजे साधारण दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे १५०० फूट वेगाने निघायची. पुढे .४४ मॅग्नम येईपर्यंत, म्हणजे वीस वर्षं, हँडगनमध्ये तिच्या वरचढ काही नव्हतं.

कोल्टने पायथन काढलं ते १९५५ मध्ये, कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या कारखान्यात. किंमत १२५ डॉलर. नळीवर फटी असलेली पट्टी, नळीखाली टोकापर्यंत गेलेलं जड लोखंड, आणि ‘रॉयल ब्लू’ म्हणतात ती निळसर-काळी झळाळी. ती झळाळी रंगाची नव्हती. पोलाद आधी चामड्याच्या चाकांवर एकाहून एक बारीक पावडर लावून आरशासारखं करायचे आणि मग त्यावर निळाई चढवायचे. बफिंग करणाऱ्याला माहीत असतं की कडा गोल न होऊ देता सपाट भाग आरसा करणं किती अवघड आहे. पायथनच्या जुन्या नगाचा जवळून काढलेला फोटो झूम करून बघा: साइडप्लेट, म्हणजे बाजूचं झाकण, जिथे फ्रेमला भिडते ती रेघ शोधावी लागते.

आतलं कामही तसंच. चाप पूर्ण दाबला की सिलिंडर फिरवणारा खटका त्याला दाबून धरतो, म्हणजे गोळी सुटायच्या क्षणी सिलिंडर जराही हलत नाही. नेम अचूक येतो तो त्यामुळे. पण तो खटका झिजला की टायमिंग जातं आणि मग ते पुन्हा बसवायला जाणता माणूस लागतो. फिटरने एकेक नग हाताने जुळवायचा, हे महागात पडत गेलं. पोलीस खाती सेमी-ऑटोमॅटिककडे वळली, आणि १९९९ मध्ये कोल्टने पायथनचं नेहमीचं उत्पादन थांबवलं. २०२० मध्ये ते पुन्हा आलं: स्टेनलेस, आधीपेक्षा १४ भाग कमी, किंमत १,४९९ डॉलर. मजबुती वाढली असेल, पण ती जुनी निळी झळाळी त्यात नव्हती आणि त्याचं मला वाईट वाटतं.

गेममध्ये सगळ्यात जास्त मरण येतं ते रिलोड करताना. सिलिंडर बाहेर, पुंगळ्या खाली, स्पीडलोडर (सहा गोळ्या एकदम भरायचं साधन) आत, सिलिंडर बंद. साडेतीन सेकंदांच्या वर जातात. खरा तरबेज माणूस याहून कितीतरी वेगात करतो. अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी १९९९ मध्ये सहा गोळ्या, रिलोड आणि परत सहा गोळ्या हे सगळं २.९९ सेकंदांत केलं होतं. पण ते ठणठणीत हातांनी, रेंजवर. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, आणि हाताला गोळी लागलेल्या एका एजंटला आपलं रिव्हॉल्व्हर पुन्हा भरताच आलं नाही. त्यानंतर एफबीआयने सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांकडे जाण्याचा जो निर्णय घेतला, त्यामागे हा अनुभव होता. हे वाचल्यापासून गेममधला तो रिलोड मला लांबलेला वाटत नाही.

एक उणीव मात्र खटकते. दोनच गोळ्या झाडून रिलोड केलं तरी जमिनीवर सहा रिकाम्या पुंगळ्या पडतात, आणि न झाडलेल्या चार गोळ्या हिशेबात शाबूत राहतात. वीस वर्षांच्या अपडेटमध्ये इतकं काही नीट केलं, तर हेही करायला हवं होतं. दुसरं म्हणजे घोडा आधी हाताने ओढून हलक्या चापाने अचूक नेम मारायची सोय नाही. पायथनची अर्धी ख्याती त्यावर आहे.

नुसती ताकद दिली की काय होतं, हे व्हॉल्व्हच्याच काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या शूटर गेममध्ये दिसलं. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी आठ गोळ्यांचं आर८ रिव्हॉल्व्हर आणलं, गेममधल्या ८५० डॉलरला. छातीत एक गोळी की माणूस गार. जो तो तेच घेऊन फिरायला लागला, ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत डॅमेज खाली आणावं लागलं. आठ गोळ्या संपल्या तरी दर राउंडला पुन्हा मिळणार, मग जपायचं कशाला?

हाफ-लाइफ २ घ्यावा का? नक्की घ्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये अगदी थोडक्यात मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. हेडफोन लावून खेळा; मॅग्नमचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर निम्मा मरतो. आणि ज्यांनी अजून खेळलेला नाही त्यांनी पुढचं वाक्य वाचू नये. शेवटी सिटाडेल या शत्रूच्या उंच मनोऱ्यात गेल्यावर तुमची सगळी हत्यारं जाळून टाकतात, ग्रॅव्हिटी गन तेवढी राहते, म्हणून ‘पुढे लागतील’ म्हणत गोळ्या साठवू नका. त्याआधीच्या शहरातल्या लढाईत, गच्चीवर नाहीतर जिन्यात जो एलिट आडवा येईल त्याच्यावर अठराच्या अठरा संपवा.