तीन चकत्या की एक? कोकणातल्या चढांवर साधी गिअरची सायकल आणि हार्डटेल

दहा-बारा हजारांची गिअरची सायकल आणि पाऊण लाखाची हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप असलेली डोंगरी सायकल) यांत चांगली कुठली, हे कोणी विचारत नाही. विचारतात ते असं, की मधल्या साठ-पासष्ट हजारांत नेमकं पदरात काय पडतं, आणि त्यातलं रत्नागिरी-गुहागर-दापोलीकडे खरंच किती लागतं. मी दोन्ही चालवल्यात. आता घरात हार्डटेल आहे, तेव्हा माझा कल लपणार नाही. तरी जुनीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, तेही सांगतो.

साध्या सायकलचे ठरलेले आजार तुम्हाला माहीत असतील. पहिला पावसाळा सरला की शॉकअपच्या नळ्यांवर गंज चढतो, मागचं चाक आउट होतं, मधूनच आस वाकतो. (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्याने बसवलेलं असतं, त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि आसाचा तेवढा भाग आधाराशिवाय लोंबतो. हार्डटेलला फ्रीव्हीलच्या जागी कॅसेट असते, तिच्या हबमध्ये बेअरिंग पार कडेला असतं.) पण हे सगळं बाजारातला कुठलाही मिस्त्री तासाभरात आणि थोडक्या पैशांत उरकून देतो. एवढ्यासाठी पाऊण लाख मोजावेत असं मला कधी वाटलं नाही.

माझं ठरलं ते चेनमुळे.

आपला किनाऱ्याचा रस्ता फारसा किनाऱ्याने जातच नाही. तो सड्यावरून, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरून जातो. खाडी आली की खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच पुन्हा वर चढतो. पावस गावाच्या पुढे पूर्णगडला उतरा, मुचकुंदीचा पूल ओलांडा, गावखडीचं सुरूबन संपतंय तोवर कशेळीचा चढ पुढ्यात. गुहागरकडून धोपाव्याला फेरीबोट पकडून दाभोळला उतरलात तरी तेच, जेटी सोडली की दापोलीकडे चढच चढ. आतल्या रस्त्यांवर तर पऱ्यावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आणि त्यापुढची घाटी यांच्यात गाडीभर लांबीचीही सपाटी नसते.

साध्या सायकलला पुढे, पायडलपाशी, लहान-मोठ्या तीन दातेरी चकत्या असतात. म्हणजे उतारावर चेन पुढच्या मोठ्या चकतीवर असते, आणि साकवावर पोचलात की ती छोट्या चकतीवर आणायला हातात जेमतेम चार-पाच सेकंद. साधी सायकल नेमकी इथे दगा देते. त्यात मिस्त्रीचा दोष नाही, रचनाच तशी आहे. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो डिरेलर. मागचा डिरेलर चेनची खालची, सैल बाजू हलवतो. पुढचा डिरेलर मात्र वरची बाजू ढकलतो, आणि ती तुमच्या पायाच्या जोराने ताणलेली असते. चढ लागलेला, पाय दाबलेला, तुम्ही हँडलवरचा शिफ्टर दाबता. चेन कुरकुरते, हलत नाही. आणखी दाबता. मग ती एकदम सुटते, छोट्या चकतीलाही ओलांडून पलीकडे जाते आणि चकती व फ्रेम यांच्या फटीत रुतून बसते. पायडल पोकळ फिरतं. सायकल थांबते, तीही अशा चढावर, जिथून पुन्हा बसून निघणं अशक्य.

मग सायकल गडग्याला टेकवायची आणि चेन बोटांनी उचकटायची. जांभ्याची लाल धूळ आणि जुनं ऑइल यांचा जो काळा-तांबडा लेप बोटांना बसतो, तो टाकळ्याच्या पानांना पुसून जात नाही. मागून एसटी येते, ड्रायव्हर हॉर्न देतो, खिडकीतून दोन-चार सल्ले मिळतात.

पुढच्या डिरेलरचा स्क्रू आवळला की चेन छोट्या चकतीवर उतरेना, सैल केला की पलीकडे पडायची. मधली जागा सापडली तरी ती पावसाळ्यापर्यंतच, कारण केबलच्या आत गंज धरला की सगळं गणित पुन्हा हलतं. पुढचा डिरेलर नवा बसवून पाहिला, थोडा फरक पडला. खोबरेल तेलाचा सल्लाही पुष्कळांनी दिला, तो मात्र मी घेतला नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या पहाटे चेनवर तूप लावून निघाल्याची गंमत होते.

या किमतीच्या हार्डटेलला बहुधा पुढे एकच चकती असते आणि सगळे गिअर मागे. पुढचा डिरेलर नाहीच, म्हणजे त्याचं दुखणंही नाही. चकतीचे दात एक जाड, एक बारीक असे आळीपाळीने असतात; चेनच्या कड्यांमधल्या फटीही तशाच एक रुंद, एक अरुंद असल्याने ती घट्ट धरून राहते. मागच्या डिरेलरमध्ये क्लच असतो, तो खडबडीत उतारावर चेनला फडफडू देत नाही. साकवावर पोचायचं, अंगठ्याने दोन-तीनदा शिफ्टर दाबायचा, पाय चालू ठेवायचे. बस. घेतल्यापासून माझी चेन रस्त्यावर उतरलेली नाही. एकदा जांभ्याच्या पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) उतरताना पडली असेल, पण पाखाडी ही सायकलची जागा नव्हेच.

दोन चकत्या गेल्या म्हणजे चढाचे गिअर गेले, अशी धास्ती बऱ्याच जणांना असते. माझ्या जुनीला पुढे सर्वांत लहान २४ दाती चकती होती आणि मागे सर्वांत मोठी २८ दाती. नवीला पुढे ३२ आणि मागे ५१. २९ इंची चाक मोठं असूनही पायडलच्या एका फेऱ्यात नवी साधारण १ मीटर ४० सेंटिमीटरच पुढे जाते, जुनी पावणेदोन मीटर जायची. म्हणजे एका चकतीचा गिअर तिघींपेक्षा हलका आहे. सपाटीवरही वेग गेला नाही, कारण जुनीचा सर्वांत जड गिअर ४२ ला १४ होता, नवीचा ३२ ला ११, आणि चाक मोठं.

बाकीच्या गोष्टी आवडल्या, पण नुसत्या त्यांच्यासाठी मी सायकल बदलली नसती. पावसात रबरी ब्रेक पकडायला वेळ घेतात आणि लाल चिखल रिम खात जातो. ऑइल ब्रेक एका बोटाने लागतात. हवेचा शॉकअप आपल्या वजनाप्रमाणे भरता येतो आणि रस्त्यावर लॉक करता येतो. ट्यूबलेस टायरमुळे करवंदीच्या काट्यांची भीती गेली, फक्त आपल्या उकाड्यात आतलं भोक बुजवणारं सीलंट सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी घालत राहावं लागतं. आणि सड्यावरच्या कातळवाटा खुल्या झाल्या. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इकडच्या कातळशिल्पांपर्यंत सायकलवरून जाण्यात मजा आहे. मात्र चित्रांच्या बऱ्याच अलीकडे उतरून चालत जा, कातळावर रेघ कुठे सुरू होते ते सीटवरून दिसत नाही.

आता जुनीची बाजू. मोडली तर ती जिथे मोडेल तिथे दुरुस्त होते, आणि गावात याला मोल आहे. माझ्या नेहमीच्या मिस्त्रीने नवीचे ब्रेक बघून सरळ सांगितलं, "हे तेलाचं काम माझ्याकडे आणू नका हां." ब्रेकमधली हवा काढायला मला स्वतः शिकावं लागलं. शॉकअपची सील साफ करून तेल ठरावीक तासांनी बदलायचं असतं, काही कंपन्या ५० तासांनी करा म्हणतात. नेमाने करायचं तर तो कोल्हापूर किंवा पुण्याला पाठवावा लागतो, आणि तेवढे दिवस सायकल खुंटीला. कॅसेटही महाग. तिच्या पैशांत जुनीची चेन आणि फ्रीव्हील कितीतरी वेळा बदलून होईल. पुळणीवरून फिरण्याची हौस असेल तर मी आजही जुनीच नेईन; ओल्या वाळूवर चाक छान पळतं, पण खारं पाणी कुठल्याही बेअरिंगची किंमत बघत नाही.

मधला रस्ताही आहे. जुन्या सायकलचा पुढचा डिरेलर काढून टाकायचा, जाड-बारीक दातांची एकच चकती लावायची आणि मागे ३४ दाती फ्रीव्हील. डिरेलरला ३४ झेपतो का ते आधी बघून घ्यायचं. काही हजारांत चेनचा त्रास बराच कमी होतो. पण पुढे ३२ ठेवली तर गिअर जुन्यापेक्षा जड पडतो, आणि २८ लावली तर सपाटीवर पाय नुसते भिरभिरतात. भाट्याचा पूल ओलांडून पावसपर्यंत आणि परत, एवढंच फिरणं असेल तर माझ्या मते हे पुरे. घर ते स्टँड, बाजार, शाळा एवढंच असेल तर काहीच बदलू नका.

दर आठवड्याला सडा-खाडी-सडा होत असेल तर मात्र मी हार्डटेल घ्या म्हणेन. तुमचे गुडघे आणि तुमचा खिसा तुम्हालाच ठाऊक, पण तीन चकत्यांची 'जरा बरी' सायकल वीस-पंचवीस हजारांना घेण्यापेक्षा वर्षभर थांबलेलं बरं. ती चेनही त्याच साकवावर पडते. मागेही शॉकअप असलेल्या सायकलींच्या नादी लागू नका. लाल चिखलात त्यांच्या सांध्यांची बेअरिंगं सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

दुकानात शोभेच्या गोष्टींपेक्षा मागच्या डिरेलरला क्लच आहे का ते आधी विचारा. ब्रेक खनिज तेलाचे असलेले बरे. दुसऱ्या प्रकारच्या ब्रेकमधला डॉट द्रव हवेतली ओल शोषतो आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. पावसाळ्यासाठी धातूचे ब्रेक पॅड जास्त टिकतात, पण काही स्वस्त डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. सीटचा दांडा ग्रीस लावूनच बसवून घ्या, नाहीतर खाऱ्या हवेत तो दोन पावसाळ्यांत फ्रेमला असा धरतो की पाना आणि शिव्या दोन्ही चालत नाहीत. आणि चालवून बघायला देतील तेव्हा दुकानासमोरची सपाटी नको म्हणा, जवळचा एखादा चढ मागा.