मंदीत युनियनची मेंबरशिप कितपत कामाची? माझा अनुभव

पाचपैकी चार स्टार.

ऑर्डरी आटल्या तेव्हा आधी ओव्हरटाइम गेला, मग कंत्राटी लोकांना घरी बसवलं आणि एक दिवस कुजबुज सुरू झाली की आता कायम लोकांची यादी बनतेय. तेव्हा मी पहिल्यांदा वर्गणीची पावती घेतली, भीत भीतच, कारण युनियनमध्ये गेलं की यादीत आपलं नाव वर जाणार असं सगळेच म्हणत होते. युनियनमध्ये आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येऊ नये हे आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, १९४९ च्या ९८ नंबरच्या करारातच आहे, ते मला तिथेच समजलं.

सगळ्यात आवडलं ते हे की नुसत्या घोषणा न देता त्यांनी मॅनेजमेंटकडे आकडे मागितले. ऑर्डरी किती, बाहेर काम किती दिलंय, ओव्हरटाइम कुणाला. आमच्या सेक्रेटरीताईंनी रजिस्टर टेबलावर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, माणसं जास्त झालीत म्हणता, मग पॅकिंगला तीन रविवार लागोपाठ कशाला बोलावलंत? पुढच्या मीटिंगला सांगतो म्हणाले. यादी तिथेच अडली.

मग माणसं काढण्याऐवजी तास कमी करायचं ठरलं. जर्मनीत २००९ च्या मंदीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं, १४ लाखांहून जास्त कामगार कमी तासांवर होते, पण तिथे बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के सरकारी विम्यातून मिळत होते. आम्हाला तसं काही नव्हतं, पगार कापला गेला आणि त्रास झालाच. पण करारात शेवटची तारीख लिहून घेतली, तोपर्यंत कुणाला काढायचं नाही हेही, आणि काम वाढलं की आधी आमचे तास पूर्ववत, भरती नंतर. तुमच्याकडे असा करार होत असेल तर तारखेशिवाय अजिबात सही करू नका, नाहीतर चार महिन्यांची कपात कायमची होऊन बसते.

एक स्टार कापला तो कंत्राटी लोकांसाठी. ते गेले तेव्हा युनियन गप्प बसली, आपले मेंबर नाहीत म्हणून. त्यांच्यात माझ्या शेजारच्या मशीनवर पाच वर्षं उभी राहिलेली एक बाई होती, तिच्यासाठी एक पत्रसुद्धा गेलं नाही. आता कंत्राटी लोकांनाही मेंबर करून घेतायत, वर्गणी अर्धी ठेवलीय, पण तिला अजून कुणी फोन केलेला नाही. पुढच्या मीटिंगला मी हा विषय काढणार आहे.