बॉयलर ट्यूबला व्ही मारायचं हातातलं मशीन: हंगामभर वापरल्यानंतर

ट्यूबच्या तोंडाला व्ही मारायचं, म्हणजे वेल्डिंगसाठी कड तिरपी कापायचं, हवेवर चालणारं मशीन आम्ही घेतलं, तेव्हा विकणाऱ्याने एकच गोष्ट घोळून घोळून सांगितली होती: ग्राइंडरला जिथे दहा मिनिटं लागतात, तिथे हे दीड-दोन मिनिटांत काम उरकतं. ते खरं आहे. पण त्या आठ मिनिटांसाठी एवढे पैसे घालायचे असते तर मी घातले नसते. मशीनने पैसे वसूल केले ते दुसरीकडे, फिटअपमध्ये (वेल्डच्या आधी दोन तोंडं जुळवण्यात) आणि रिपेअर जॉइंटमध्ये (नापास होऊन परत करावे लागणारे जॉइंट). विकणाऱ्याला त्याबद्दल बोलावंसं का वाटत नाही, कोण जाणे.

आधी आमचं काम काय ते सांगतो, म्हणजे कोणत्या नजरेने लिहितोय ते कळेल. शेड नाशिकच्या अंबडला. कामं बहुतेक निफाड-दिंडोरी पट्ट्यातली, साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांच्या बॉयलरची. ऊस संपला की ट्यूब बदलायला बोलावतात आणि दिवाळीआधी बॉयलर पेटला पाहिजे म्हणून मागे लागतात. मधूनमधून औष्णिक केंद्राच्या ओव्हरहॉलमध्ये मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली माणसं देतो. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या ठिकाणचे २१० मेगावॅटचे संच आणि साखर कारखान्याचा बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणारा बॉयलर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण ट्यूबला ट्यूब जोडायची रीत तीच.

मशीनची रचना साधी आहे. पुढे मँड्रेल असतो, तो ट्यूबच्या आत जातो. मागचा नट आवळला की मँड्रेलवरचे जॉ फाकतात आणि आतून पकड घेतात. मग हवेच्या मोटरने पुढचं हेड फिरतं, त्यात दोन-तीन टूल बिट (कापायची पाती) बसवलेली असतात, आणि रॅचेटच्या हँडलने आपण ते हळूहळू पुढे ढकलत राहायचं. आवाज, ताकद, सगळं मशीनचं. माणसाने फक्त फीड द्यायचा. एक बिट व्ही कापतं, दुसरं तोंड काटकोनात फेस (सपाट) करतं, तिसरं लावलं तर आतून थोडं बोअर करून दोन ट्यूबांचा आतला व्यास जुळवता येतो. हे तिसरं बिट आम्ही सुरुवातीला डब्यातून काढलंही नव्हतं. आता सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबच्या) कामात तेच सर्वांत जास्त लागतं, कारण नवी ट्यूब जुनीपेक्षा जाड असली की आतल्या बाजूला हाय-लो, म्हणजे दोन कडांमधे पायरी, येतोच.

आता फिटअपचं. आमच्याकडे बहुतेक ड्रॉइंगवर एका बाजूला ३७.५ अंश असतो, म्हणजे दोन्ही मिळून ७५. रूट फेस (व्हीच्या तळाशी सरळ ठेवलेली कड) एक ते दीड मिलिमीटर, दोन तोंडांमधला गॅप अडीचच्या आसपास, आणि टिगला (आर्गन वेल्डिंगला) २.४ मिलिमीटरची वायर. ग्राइंडरवर चांगला फिटर अंशाच्या बाबतीत फारसा चुकत नाही. चुकतो तो रूट फेसमध्ये. वरच्या बाजूला दीड मिलिमीटर, मागच्या बाजूला, जिथे हात आणि डोळा दोन्ही पोचत नाहीत, तिथे शून्य किंवा अडीच. तोंडही काटकोनात नसतं, म्हणून एका बाजूला गॅप दोन आणि समोर चार. मग वेल्डर त्याची भरपाई करतो: जाड ठिकाणी करंट वाढवतो, पातळ ठिकाणी वायर कोंबतो. वॉटरवॉलच्या (भट्टीच्या ट्यूबांच्या भिंतीच्या) मागच्या बाजूला तो आरसा लावून टाका घालत असतो, तिथे असली कसरत म्हणजे एक्स-रे फिल्मवर हमखास लॅक ऑफ पेनिट्रेशन, वेल्ड मुळापर्यंत न पोचणं. मशीनने कापलेल्या दोन ट्यूब समोरासमोर धरल्या की गॅप सगळीकडे एकसारखा दिसतो. टॅक (वेल्डचे पहिले तात्पुरते टाके) मारायला घासाघीस नाही. आमचा टिगवाला वेल्डर फारसं बोलत नाही, पण हल्ली फिटअप बघायला तो स्वतः वर चढत नाही, यावरून काय ते समजा. कापून परत करायचे जॉइंट डोळ्यात भरण्याइतके कमी झाले आहेत, आणि एक रिपेअर जॉइंट म्हणजे कापणं, पुन्हा व्ही, पुन्हा वेल्ड, पुन्हा फिल्म, म्हणजे एकाच्या पैशात चार कामं.

पण हे सगळं हवा नीट मिळाली तर. या मशीनबद्दलच्या तक्रारी मी इतरांकडून ऐकतो त्यातल्या निम्म्या मुळात कंप्रेसरच्या तक्रारी असतात. असल्या मशीनला सहा बारच्या वर दाब लागतो आणि मॉडेलप्रमाणे ३५-४० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा. शेडमधला पाच एचपीचा पिस्टन कंप्रेसर त्याच्या निम्मीही हवा देत नाही. टाकी भरलेली असते तोवर मशीन मस्त फिरतं, मग दम सोडतं, बिट मटेरियलमध्ये अडकतं आणि कापलेल्या तोंडावर लाटा उमटतात. साइटवर कारखान्याची एअर लाइन असते, तिथे वेगळीच गंमत. लाइन खाली, आपण वर २० मीटरवर, आणि मधे कुणाचा तरी अर्ध्या इंची होज. मशीन बंद असताना गेज साडेसहा दाखवतो, ट्रिगर दाबला की चारवर येतो. म्हणून दाब नेहमी मशीन चालू असताना, मशीनजवळ बघायचा. आम्ही पाऊण इंची होज स्वतःचा नेतो आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या दोन-तीन मीटरला लावतो.

दुसरं, पाणी. साखर कारखान्यांची दुरुस्ती असते नेमकी पावसाळ्यात, आणि जुलै-ऑगस्टात आपल्याकडच्या हवेत काय दमटपणा असतो ते वेगळं सांगायला नको. कंप्रेसरच्या टाकीत रोज पाणी साचतं. फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटरचा सेट मशीनच्या अलीकडे नसेल तर मोटर आतून गंजते, तिचे व्हेन (हवेने फिरणाऱ्या पट्ट्या) चिकटतात. लुब्रिकेटरचं तेल मात्र एक्झॉस्टमधून थोडं थोडं बाहेर येतं आणि कापलेल्या तोंडावर बसतं. टॅकच्या आधी अॅसिटोनने पुसून घ्या, नाहीतर रूटमध्ये पोरोसिटी (बारीक भोकं) येणार आणि वेल्डर मशीनला शिव्या घालणार.

पकड सुटण्याबद्दल. बऱ्याच वापरलेल्या ट्यूबला आतून स्केल (क्षारांचा थर) असतं. जॉ त्या स्केलवर पकड घेतात, ट्यूबवर नाही. कापताना स्केल चुरडलं की मशीन हलतं, हेड एका बाजूला खातं आणि मनगटाला झटका बसतो. मँड्रेल जेवढा आत जाणार तेवढा भाग आधी वायर ब्रशने किंवा फ्लॅप व्हीलने स्वच्छ करायचा, एवढाच उपाय आहे. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत याची एक ओळ आहे, ती कोणी वाचत नाही.

एक मर्यादा मात्र मुळातली आहे आणि ती साफसफाईने जात नाही. मशीनचा मध्य ट्यूबच्या आतल्या व्यासावरून ठरतो. राखेने झिजलेली ट्यूब बाहेरून एकाच बाजूला पातळ झालेली असते. आतून गोल, बाहेरून नाही. अशा ट्यूबवर मशीन बरोबर कापतं आणि तरीही व्ही एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद दिसतो. रूट फेस सारखा राहतो हे महत्त्वाचं, त्यामुळे जॉइंट बिघडत नाही, पण दिसायला तिरपा दिसतो आणि इन्स्पेक्टर विचारतोच. आम्ही आता जाडी मोजून, ट्यूब चांगली असेल तिथपर्यंत मागे जाऊनच कापतो. खरं तर ते आधीही करायला हवंच होतं.

जागा हा सर्वांत मोठा प्रश्न. ग्राइंडर असला की वॉटरवॉलमधून वीतभर तुकडा काढून नवा बसवता येतो. हे मशीन ट्यूबच्या तोंडातून सरळ रेषेत आत जातं, म्हणजे कापलेल्या दोन तोंडांमधे मशीनची अख्खी लांबी अधिक मँड्रेल मावला पाहिजे. आमच्या सरळ मॉडेलला अर्ध्या मीटरपेक्षा कमी खिडकी चालत नाही. काटकोनी हेडची मॉडेलं येतात, त्यांना कमी लागते, पण किंमतही तशीच. मेंब्रेन वॉल (ट्यूबांमधे पट्टी जोडलेली भिंत) असेल तर आणखी एक काम: ट्यूब ६३.५ मिमी आणि पिच (एका ट्यूबच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत) ७६.२ असेल तर दोन ट्यूबमधे १२.७ मिमीची पट्टी उरते. फिरणारं हेड त्या पट्टीला आपटू नये म्हणून ती तोंडापासून मागे दोन्ही बाजूंनी चिरून घ्यावी लागते. पट्टी आणि व्ही एकदमच कापणारी वेगळी हेडं मिळतात. शेकडो जॉइंटचं पॅनल बदलायचं असेल तर ती घ्या. आमच्यासारख्यांना परवडत नाहीत, आम्ही चिरतो. एखादी ट्यूब गळतेय, रात्री बोलावलंय, सकाळी बॉयलर पेटवायचा आहे आणि जागा हातभरसुद्धा नाही, तिथे मी आजही ग्राइंडरच पाठवतो.

आता चिप्सबद्दल जरा सविस्तर, कारण इथे नुकसान मोठं होतं. ग्राइंडरची धूळ पडते, मशीनच्या चिप्स लांब, गुंडाळलेल्या निघतात. वॉटरवॉलच्या खालच्या तुकड्याचं तोंड वर असतं, त्यात पडलेली प्रत्येक गोष्ट थेट खालच्या हेडरकडे (सगळ्या ट्यूब जिथे मिळतात त्या जाड पाइपकडे) जाते. पूर्वीपासूनची सवय म्हणजे चिंध्यांचा बोळा कोंबायचा. बोळा आत राहिला तर पाण्याचा प्रवाह अडतो, ट्यूब आतून थंड होत नाही, तापून फुगते आणि फिशमाउथ म्हणतात तशी, माशाच्या तोंडासारखी, फाटते. बॉयलर पेटल्यावर काही तासांत. म्हणून आमच्याकडे चिंधी बंद. मँड्रेलच्या पुढच्या टोकाला फोमची चकती बांधतो. कापून झालं की मशीन काढायच्या आधी व्हॅक्यूम फिरवतो, उरलेल्या चिप्स मॅग्नेटने उचलतो, आणि मशीनबरोबर चकतीही बाहेर येते. विसरायला आत काही उरत नाही. जिथे जॉइंट होईपर्यंत तोंड उघडं राहणार तिथे पाण्यात विरघळणारा कागद लावतो. तोही मिळतो, आर्गन पर्जसाठी (वेल्डच्या आत आर्गन कोंडण्यासाठी) वापरतात तोच.

बिटचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही, एका अटीवर: गॅसने कापलेल्या तोंडावर मशीन लावायचं नाही. साध्या कार्बन स्टीलला एक वेळ चालतं, पण टी-२२ किंवा टी-९१ (क्रोमियमच्या मिश्र पोलादाची) ट्यूब गॅसने कापली की कड कडक होते आणि बिटची धार पहिल्याच फेऱ्यात तुटते. कटिंग व्हीलने किंवा बँडसॉने कापा. गॅसने कापलंच असेल तर काही मिलिमीटर आधी ग्राइंड करून टाका. बोथट बिट फेकू नका. सातपूर-अंबडमध्ये टूल ग्राइंडिंगवाल्यांना तोटा नाही; नमुन्याचं एक नवं बिट बरोबर द्या, कोन तोच ठेवायला सांगा. वरचं सोनेरी कोटिंग जातं, म्हणून धार थोडी लवकर उतरते, पण कापतं व्यवस्थित. आणखी एक, शेवटाला फीड थांबवून हेड दोन-तीन फेरे तसंच फिरू द्यायचं, मगच मागे घ्यायचं. तोंड गुळगुळीत मिळतं. घाईत मागे ओढलं की पायरी राहते.

बँक ट्यूबना (बॉयलरच्या ड्रमना जोडणाऱ्या ट्यूबना) व्ही लागतच नाही, त्या ड्रममध्ये एक्स्पांडरने फुलवतात. तिथे फक्त तोंड फेस करायला मशीन वापरतो. बरं पडतं, अत्यावश्यक नाही.

माणसांचं म्हणाल तर आमच्या मिस्त्रींना हे मशीन पहिल्यांदा अजिबात आवडलं नाही. त्यांचं अर्धं आयुष्य ग्राइंडरवर गेलं आहे. "शेठ, यात माझा हात कुठं लागतोय?" असं त्यांनी मला सरळ विचारलं. मी म्हटलं, "मिस्त्री, तुमचा डोळा लागतो. मशीन कुठं बसवायचं ते त्याला कळत नाही." ते काही पटलेलं दिसलं नाही. पटवलं ते बगॅसने. बॉयलरच्या आजूबाजूला बगॅसचा भुस्सा सगळीकडे असतो, ग्राइंडरची ठिणगी कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही, आणि कारखान्याचा सेफ्टीवाला आगीच्या भीतीने दर थोड्या वेळाने काम थांबवतो. मशीनची ठिणगी उडत नाही. ओल्या भट्टीत २३० व्होल्टची वायरही न्यायला नको. आता मिस्त्री स्वतः मशीन उचलतात आणि ग्राइंडर हेल्परकडे देतात. चिप्स गरम आणि धारदार असतात, त्यामुळे फेस शील्ड हवीच, ढिले हातमोजे मात्र नकोत, ते हेडमध्ये ओढले जातात. कानात प्लग घाला, हवेच्या मोटरचा आवाज बंद भट्टीत फार होतो.

विक्रीनंतरची सेवा हा या वस्तूचा कच्चा दुवा. आमचं मशीन बाहेरून आलेलं, डीलर पुण्याचा. मोटरचे व्हेन आणि सील किट मागवलं तर ऐन शटडाउनमध्ये आठवडा-आठवडा उत्तर येत नाही. घेतानाच व्हेनचा एक सेट, सीलचा एक सेट, प्रत्येक मापाचे जॉ आणि मँड्रेलचा ड्रॉ-रॉड (जॉ ओढून फाकवणारी आतली सळई) जास्तीचा घ्या. हा रॉडच सगळ्यात आधी वाकतो, विशेषतः हेल्पर मशीन मँड्रेलवर लटकत ठेवून चहाला गेला तर. खाली पडू नये म्हणून दोरी तर बांधाच, पण वजन दोरीवर घ्या, रॉडवर नको.

वर्षभरात पन्नासेक जॉइंट करणाऱ्याने हे विकत घेऊ नये. भाड्याने मिळतं, तेवढ्यापुरतं आणावं. ज्याच्याकडे दर ऑफ-सीझनला सुपरहीटर कॉइल किंवा वॉटरवॉलचं काम येतं आणि जॉइंटचा एक्स-रे होतो, त्याने घ्यावं, पण आधी कंप्रेसर मोजून बघावा. आम्ही काटकोनी हेडचं कोटेशन मागवलं आहे. ड्रॉ-रॉड मात्र आता अंबडच्याच एका लेथवाल्याकडून ईएन-२४ या मजबूत पोलादात करून घेतला, मूळच्यापेक्षा स्वस्त पडला आणि अजून सरळ आहे.